ओपिनेल नंबर 8 (कार्बन): आगरात चार पावसाळे वापरल्यानंतर

भाचा फ्रान्समध्ये ल्योंला शिकायला होता. सुट्टीवर येताना त्याने फोनवर विचारलं, "मावशी, तुला काय आणू?" मी म्हटलं, "खिशात मावेल असा एक चांगला चाकू आण, बाकी काही नको." त्याने ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा घडीचा चाकू, नंबर 8, आणला, कार्बन पोलादाचा, बीच लाकडाच्या मुठीचा. तिकडे त्याला दहा युरोच्या आसपास पडला. त्याला चार पावसाळे झाले. तेव्हापासून तो रोज माझ्या कुर्त्याच्या उजव्या खिशात असतो.

दापोलीजवळ आमचं नारळ-सुपारीचं आगर आणि कलमांची लहानशी रोपवाटिका आहे. दिवसातून वीस-पंचवीस वेळा चाकू उघडावा लागतो. सुंभ कापायचं, खताच्या गोणीची शिवण उसवायची, धरलेल्या कलमाची प्लॅस्टिकची पट्टी सोडवायची, केळीचं पान काढायचं, दुपारी बांधावर बसून आंबा चिरायचा. नारळ-शहाळ्याला कोयतीच लागते, तिथे या चाकूचं काम नाही. पण कोयती कोणी खिशात घालून फिरत नाही.

याआधीच्या दोन चाकूंनी मला बरंच शिकवलं. पहिला ऑनलाइन मागवलेला, काळा, जाडजूड, दिसायला भारदस्त. अशा चाकूत पातं उघडलं की आतली पत्र्याची पट्टी मागून अडकते आणि पातं मिटू देत नाही. माझ्या चाकूत ती पट्टी जेमतेम कडेवर टेकायची. एका संध्याकाळी ओला सुंभ कापताना पातं मिटलं आणि तर्जनीला चार टाके पडले. आता कुणीही घडीचा चाकू घेताना विचारलं तर मी आधी हेच सांगते: पातं पूर्ण उघडा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबा. खटका सुटला तर तो चाकू तिथेच परत ठेवा, किंमत कितीही कमी असो.

दुसरा चाकू पोलादाला फार चांगला होता. तो मी धार लावायला बाजारात दिला. विजेच्या चाकावर पाणी न लावता घासल्याने टोकाकडचं पातं निळं पडून परत आलं. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की असा निळा रंग चढतो आणि तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो. त्या टोकाची धार पुन्हा कधी टिकली नाही. तेव्हा ठरवलं, पुढचा चाकू असा घ्यायचा की त्याची सगळी निगा मला घरच्या घरी करता येईल.

ओपिनेल त्या कसोटीला उतरला, कारण त्यात भाग फार थोडे. एक पातं, एक लाकडी मूठ, मधली खीळ आणि वर दोन पोलादी कडी. आतलं कडं स्थिर, बाहेरचं फिरतं. पातं उघडून बाहेरचं कडं बोटाने फिरवलं की त्याची फट सरकते आणि पात्यामागची वाट बंद होते. याला विरोब्लॉक म्हणतात. मार्सेल ओपिनेल यांनी 1955 साली तो बसवला, मूळ चाकू मात्र जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये आल्प्सच्या कुशीतल्या सावोया प्रांतात केलेला. 2000 सालापासून याच कड्याने मिटलेलं पातंही जागेवर अडकवता येतं. माझ्या दृष्टीने ही सोय पहिलीइतकीच मोलाची आहे, कारण खिशात हात घालताना पातं अर्धवट उघडलेलं असण्याची भीती उरत नाही. कडं फिरवायची सवय मात्र अंगवळणी पाडावी लागते. ते आपोआप बसत नाही आणि उघडायला दोन हात लागतात. शिडीवर चढून एका हाताने काम करणाऱ्याने हा चाकू घेऊ नये.

पातं साडेआठ सेंटिमीटर, वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास. कुर्त्याचा खिसा ओढला जात नाही, हे मला वजनदार चाकू वापरून झाल्यावर कळलेलं सुख. पातं पातळ आहे, म्हणूनच आंब्याची फोड रस न सांडता निघते. पण पातळ पात्याला पेलवतील तीच कामं द्यायची. डबा उचकटणं, बेडा (अख्खी सुपारी) फोडणं, स्क्रू फिरवणं यासाठी ते नाही. कोय कलमाची (कोयीतून उगवलेल्या रोपावर काडी बसवायची) खाच घेण्यासाठीही मी तो वापरत नाही. त्यासाठी एकाच बाजूने घासलेलं पातं हवं, म्हणजे काप सपाट येतो आणि काडी बसताना मध्ये पोकळी राहत नाही. याचं पातं दोन्ही बाजूंनी घासलेलं आहे.

आता पाण्याबद्दल. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर घरातलं मीठसुद्धा ओलं होतं. कार्बन पोलादाला अशा हवेत गंज चढायला एक रात्र पुरते. पहिल्या जुलैत मी चाकू ओल्या खिशात तसाच विसरले. सकाळी पात्यावर नारिंगी ठिपके होते. दोष माझा होता. राखेने घासून ते निघाले, एक बारीक खड्डा मात्र अजून दिसतो. त्यानंतरचा नेम असा: काम झालं की पातं पुसायचं, रात्री खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. अर्धा मिनिट लागतो. यंत्राचं तेल मी पात्याला लावत नाही, कारण याच पात्याने आम्ही खातो.

कैरी कापली की कोरं पातं काळवंडतं. आंबटपणा पोलादावर काम करतो आणि पात्यावर करड्या-निळ्या रंगाचा थर बसतो. नवीन असताना फोडीलाही काळी कड येते आणि लोखंडाचा वास लागतो. आजीच्या विळीवर चिरलेल्या कैरीला यायचा, तोच. हा थर म्हणजे गंज नव्हे, तो घासून काढू नका. एकदा सगळीकडे सारखा बसला की पातं तितकं पटकन गंजत नाही आणि फोडीचा काळेपणाही कमी होतो. माझ्या चाकूचा रंग आता पावसाळी आभाळासारखा आहे आणि मला तो नव्या चकचकीत पात्याहून आवडतो.

फणसाला हात लावण्याआधी पात्याला दोन्ही बाजूंनी तेल चोपडायचं. न चोपडता कापला तर चीक खिळीपर्यंत जातो आणि पातं मुठीतून निघता निघत नाही. तसं झालंच तर चीक तेलानेच सोडवावा, पाण्याने तो आणखी घट्ट होतो.

लाकडाची मूठ पावसात फुगते. पातं ज्या खाचेत बसतं तिच्या भिंती त्याला दोन्हीकडून आवळतात आणि नखाने ओढून ते उघडत नाही. हा लाकडाचा धर्म आहे, आमच्या घराची दारंही आषाढात अशीच अडकतात. सावोयातले लोक यावर एक युक्ती करतात: कडं मोकळं करून मुठीची मागची बाजू टेबलावर ठोकायची, पातं आपोआप थोडं बाहेर येतं. मी पडवीच्या जोत्यावर ठोकते. पण खरा उपाय उन्हाळ्यातला. मे महिन्यात चाकू आठवडाभर कोरडा होऊ द्यायचा, मग मुठीला, आणि विशेषतः खाचेच्या आतल्या बाजूला, जवसाचं तेल पातळ हाताने लावायचं. खाचेत मी कापसाची वात भिजवून फिरवते. दोन दिवसांनी पुन्हा एक हात, असे तीन. खोबरेल इथे उपयोगाचं नाही, ते लाकडात कधी सुकत नाही. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं आणि पाण्याला अडवतं. एक सावधगिरी मात्र घ्या. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आतल्या आत तापतात आणि पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा. असं तेल दिल्यापासून पावसात पातं उघडायला कष्ट पडतात, पण अडकून बसत नाही.

धारेसाठी माझ्याकडे एकच दगड आहे, हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचं माप). पाण्यात भिजवायचा, पातं साधारण वीस अंशांवर धरायचं आणि मुळापासून टोकापर्यंत एका दमात ओढायचं. एका बाजूने घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला धारेची बारीक कड उलटते, अंगठा आडवा फिरवला की लागते. ती संपूर्ण लांबीवर लागली की बाजू बदलायची. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने, म्हणजे पात्याची पाठ पुढे ठेवून, दहा-बारा वेळा फिरवायचं. कार्बनच्या पात्याला हे सगळं दहा मिनिटांत जमतं. महिन्यातून एकदा दगड, एरवी पट्टा. घरातल्या स्टेनलेस सुरीवर मला याच्या दुप्पट वेळ द्यावा लागतो.

हा चाकू बाळगणं कायद्यात बसतं का, असं बरेच जण विचारतात. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो, आणि त्यातूनही घरकाम-शेतीची हत्यारं वगळलेली आहेत. हे पातं साडेतीन इंचांचंही नाही. पण सणावारी किंवा निवडणुकीत जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाईचा आदेश निघतो आणि त्यात चाकूंचाही समावेश असतो. त्या दिवसांत मी तो आगराबाहेर नेत नाही. पुण्याला जाताना मेट्रोतल्या तपासणीचा विचार करून घरीच ठेवते, विमानात तर तो फक्त खाली जाणाऱ्या बॅगेतच चालतो.

बहीण परवा तिच्यासाठी असाच हवा म्हणाली. ती ठाण्याला राहते, सकाळी डबा भरते, ऑफिसमधून आठला परत येते. तिला मी नंबर 7 सांगितला, आठ सेंटिमीटर पात्याचा, आणि स्टेनलेस. रोज रात्री पातं पुसणं तिच्याकडून होणार नाही आणि तिच्यावर त्याचं ओझंही मला टाकायचं नाही. मूठ मात्र लाकडाचीच घेऊ म्हणाली. तिच्यासाठी जवसाच्या तेलाची छोटी बाटली मी आधीच बाजूला काढून ठेवली आहे.