वॉटरप्रूफ बूट, अकरा महिने आणि सांतियागोची वाट

जानेवारीत घेतलेले बूट. वसईतल्या सरावात साधारण चारशे किलोमीटर झाले, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात फ्रान्समधल्या सँ-झाँ-पिए-द-पोरपासून स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत जवळपास ७८०. चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे, वॉटरप्रूफ. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक बरीचशी माझ्याच निवडीची.

आमचं आगाशीचं चर्च संत याकोबाचं. सांतियागो म्हणजे तोच याकोब. त्याच्या नावाची ही ख्रिस्ती यात्रेकरूंची वाट, त्यामुळे ती कधीतरी चालायचीच होती. गुडघे तयार आहेत तोवर निघाले, एवढंच.

पहिल्या दिवशी बुटांवर पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. सुमारे १७० मीटरवरून पिरेनीज चढत १,४०० मीटरच्या वर जायचं आणि लगेच रोन्सेसवायेसला उतरायचं. उताराला पाय पुढे सरकला नाही, घोटा वळला नाही. पाम्प्लोना सोडल्यावर अल्तो देल पेर्दोनचा उतार लागतो, सगळा गोल, सुट्या धोंड्यांचा. तिथे बाकीचे काठ्या टेकत तिरके उतरत होते, मी सरळ.

बुर्गोसनंतर मेसेता लागलं आणि कौतुक संपलं.

मेसेता म्हणजे सपाट, कापणी झालेली गव्हाची शेतं. सावली जवळजवळ नाहीच. कार्रिओन दे लोस कोंदेसच्या पुढे तर १७ किलोमीटर एकही गाव नाही. अशा वाटेवर घोट्याला आधार लागत नाही, हवा लागते. माझे पाय आत अक्षरशः शिजत होते. दुपारपर्यंत ते सुजायचे आणि दुकानात अगदी नेमका बसलेला बूट करंगळीला चावायला लागायचा. दोन्ही करंगळ्यांना फोड आले, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडून पुढे गळालं. दुकानदाराने एक नंबर मोठा घ्या म्हणून सांगितलं होतं. मला तो ढगळ वाटला. (इकडे आळंदीहून पंढरपूरपर्यंत लोक साध्या चपलांवर जातात. फोड फोडताना ते फार आठवायचं.)

क्रूस दे फेर्रो या लोखंडी क्रुसापाशी यात्रेकरूंच्या प्रथेप्रमाणे घरून नेलेला खडा ठेवला. तिथून मोलिनासेकापर्यंत गुडघ्यांची परीक्षा असते. त्या दिवशी बुटांनी पुन्हा सांभाळलं, हे खरं.

वॉटरप्रूफचं सांगायचं तर धडा जुलैतच मिळाला होता. वसईच्या पावसात पाणी पँटवरून मोज्यात उतरतं, मोज्यातून बुटात, आणि वॉटरप्रूफ बूट ते बाहेर जाऊ देत नाही. तरी मी हेच घेऊन गेले, कारण महाग होते! गॅलिसियाच्या वेशीवर ओ सेब्रेइरोला तेच झालं. धो धो पाऊस. ज्या फादर एलियास बालिन्या यांनी १९८०च्या दशकात वाटेवर दिशा दाखवणारे पिवळे बाण रंगवायला घेतले, त्यांचा अर्धपुतळा तिथल्या चर्चजवळ आहे. महिनाभर ज्यांच्या बाणांवर चालले, त्यांच्यापुढे पचपचणाऱ्या बुटांत उभी होते. आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या घरात, बूट दारातल्या मांडणीवरच काढायचे असतात. तिथे रात्री वर्तमानपत्रं कोंबली, दोनदा बदलली. सुकायला दोन दिवस लागले. जाळीचे हलके बूट घातलेल्यांचे सकाळी कोरडे.

सार्रियाला वाटेवर एकदम गर्दी होते. यात्रा पुरी केल्याच्या प्रमाणपत्रासाठी शेवटचे १०० किलोमीटर पायी पुरतात, त्यामुळे बरेच जण तिथूनच निघतात. कोरे बूट लगेच ओळखू येतात. तिथून पुढे यात्रेकरूच्या पुस्तिकेत रोज दोन शिक्के घ्यायला विसरू नका, म्हणजे झालं.

टिकाऊपणा: तळवा बाहेरच्या बाजूने झिजलाय, पण अजून पकड आहे. लेओनला उजव्या बुटाचा चवडा सुटला, गोंदाने चिकटवून तो सांतियागोपर्यंत पोचला. परत आल्यावर स्टेशनजवळच्या मोच्याने दोऱ्याने शिवून दिला. ते काम कारखान्याच्या कामापेक्षा पक्कं आहे.

पुन्हा गेले तर जाळीचे, घोट्याखालचे, एक नंबर मोठे बूट नेईन आणि पावसासाठी मोज्यांचा एक जोड जास्त. हिवाळ्यात किंवा बर्फात जाणाऱ्याने मात्र माझं ऐकू नये. हे बूट सध्या वाडीत केळींना पाणी सोडताना घालते.