रेव्हिटमध्ये किचनचं इक्विपमेंट शेड्यूल : आठ महिन्यांनंतर

कमर्शियल किचनच्या ड्रॉइंगचं काम मी अकरा वर्षं करतेय. प्लॅन ऑटोकॅडमध्ये, इक्विपमेंट लिस्ट एक्सेलमध्ये, आणि दोन्ही जुळवता जुळवता रात्रीचे नऊ वाजायचे. वडोदऱ्यात, अलकापुरीतल्या एका हॉटेलच्या कामात यादी चौथ्यांदा बदलली, तेव्हा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर दोन कागद घेऊन आमच्या दांडिया बाजारच्या ऑफिसात आला. "बेन, आ लिस्ट साची के पेली?" म्हणजे, ताई, ही यादी खरी की ती? मला उत्तर देता आलं नाही. पुढचं काम आम्ही रेव्हिटवर, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर घेतलं.

सगळ्यात मोठा फायदा आधी सांगते. इथे यादी वेगळी टाइप करावी लागत नाही. प्लॅनमधून टू-बर्नर रेंज (दोन बर्नरची शेगडी) काढून टाकली की शेड्यूलमधली, म्हणजे मॉडेलवरून आपोआप बनणाऱ्या यादीतली, तिची ओळही जाते. एकाच मॉडेलमधून प्लंबरला गरम पाणी, थंड पाणी आणि ड्रेनची यादी देते, इलेक्ट्रिशियनला किलोवॅट, फेज आणि सॉकेटच्या उंचीची. लोडची बेरीज तेच करतं. एकच मार्क (वस्तूचा क्रमांक) दोन वस्तूंना दिला गेला तर वॉर्निंग येते. पूर्वी असा घोळ थेट साइटवर कळायचा.

पण पहिले दोन महिने फार जड गेले. एका उत्पादकाच्या तयार फॅमिली, म्हणजे मॉडेलमध्ये ठेवायच्या वस्तूंचे साचे, उतरवून घेतल्या. प्रॉपर्टीजमध्ये किलोवॅट दिसतो, शेड्यूलच्या फील्डमध्ये मात्र त्याचं नावच नाही! कारण असं, की फॅमिलीच्या आत बनवलेला साधा पॅरामीटर (माहितीचा रकाना) शेड्यूलमध्ये येत नाही, तो शेअर्ड पॅरामीटर, म्हणजे वेगळ्या सामाईक फाइलमधून घेतलेला, असावा लागतो. शिवाय त्या फॅमिलीत नटबोल्टसुद्धा मॉडेल केलेले, त्यामुळे फाइल हलेना. शेवटी ऑफिसची एकच शेअर्ड पॅरामीटर फाइल केली आणि साध्या खोक्यांसारख्या आकारांच्या आमच्याच फॅमिली बनवल्या. तीन आठवडे गेले, पण आजचं सगळं काम त्यांच्यावरच उभं आहे. रेव्हिट २०२२पासून फूड सर्व्हिस इक्विपमेंट ही वेगळी कॅटेगरी आहे; नव्या फॅमिली तिच्यातच ठेवा. आमच्या जुन्या काही फॅमिली स्पेशॅल्टी इक्विपमेंट या दुसऱ्या कॅटेगरीत राहिल्या आणि एक बेन-मेरी (गरम पाण्यावर अन्न गरम ठेवणारं काउंटर) यादीतून सुटली.

फ्रायरची गोष्ट नव्याने शिकणाऱ्यांनी नक्की वाचावी. मुख्य किचनमध्ये ९ किलोवॅटचे, थ्री-फेजवरचे पाच फ्रायर होते. लाइव्ह काउंटरचा छोटा, ३ किलोवॅटचा फ्रायरही मी त्याच टाइपमधून (फॅमिलीतल्या एका ठरावीक प्रकारातून) ठेवला आणि शेड्यूलमध्येच त्याच्या ओळीत ४१५चे २३० व्होल्ट केले. हा बदल या टाइपच्या सगळ्या वस्तूंना लागू होईल, असं खिडकीत स्पष्ट लिहून आलं होतं. घाईत ओके दाबलं. सहाच्या सहा फ्रायर सिंगल-फेज झाले आणि यादी तशीच पुढे गेली. केबलची ऑर्डर जायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या सरांच्या नजरेला पडलं म्हणून निभावलं. त्यानंतर नियमच केला: व्होल्टेज आणि लोड टाइप पॅरामीटरच ठेवायचे, पण छोट्या फ्रायरसाठी टाइप डुप्लिकेट करायचा. सॉकेटची उंची मात्र इन्स्टन्सवर, म्हणजे प्रत्येक नगाला वेगळी, कारण तीच मशीन कट्ट्यावर एका उंचीला लागते आणि जमिनीवर दुसऱ्या.

तीन खणांच्या सिंकवरचा प्री-रिन्स नळही (भांडी आधी विसळायचा फवारा) बरेच दिवस यादीत मोजला जात नव्हता. सिंकच्या फॅमिलीच्या आत बसवलेली नळाची फॅमिली शेअर्ड, म्हणजे स्वतंत्र मोजली जाईल अशी केली, तेव्हा त्याची स्वतःची ओळ आली.

लहान ऑफिसांनी खर्चाचा विचार आधी करावा. लायसन्स वर्गणीवर मिळतं. शिवाय नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडत नाही, म्हणून आर्किटेक्टकडे कोणती आवृत्ती आहे ते विचारूनच सुरुवात करा. महिन्याला एखादंच किचन करणाऱ्याला एक्सेल पुरेल. एकाच कामाच्या याद्या चार-चारदा बदलत असतील, तर मी रेव्हिटच घ्या म्हणेन.

परवा साइटवर गेले होते. त्याच कॉन्ट्रॅक्टरने भिंतीवर खडूने लिहिलं होतं: के-१४, ९ किलोवॅट, ४१५. मी हातातल्या शेड्यूलशी ताडून पाहिलं. बरोबर होतं.