डॉट इन घेऊ की डॉट कॉम?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात घरगुती फराळ विकणाऱ्या वहिनी चकलीचं पाकीट हातात धरून म्हणाल्या, "भावजी, यावर माझ्या वेबसाइटचं नाव छापायचंय, त्याच्या शेवटी काय घेऊ?"

पहिल्या वर्षाची स्वस्ताई पाहूच नका, नूतनीकरणाचा दर विचारा. तो डॉट इनचा बहुधा कमी असतो. डॉट कॉम १९८५ पासूनचं, सुटसुटीत नावं केव्हाच गेली. डॉट इन २००५ मध्ये सर्वांना खुलं झालं, तिथे अजून वाव आहे. नावावरून तंटा झालाच, तर डॉट इनचा निवाडा निक्सीने, म्हणजे डॉट इनची नावं सांभाळणाऱ्या संस्थेने, नेमलेला लवाद करतो. दोन्हीकडे एका वेळी कमाल १० वर्षांची नोंदणी होते. ती स्वतःच्याच नावावर, स्वतःच्या ईमेलवर करा. माझ्या साइटचं नाव ती बनवणाऱ्याने आपल्या खात्यावर घेतलं होतं; सोडवताना नाकी नऊ आले.

गिऱ्हाईक वडोदरा-पुण्याचं असेल तर डॉट इन. डबे अमेरिकेला जाणार असतील तर डॉट कॉम, तिकडे सवयीने तेच टाइप करतात.