टीएमटी, कॅल्शियम स्कोअर की नुसतं रक्त?

बाबांना 51व्या वर्षी अ‍ॅटॅक आला. मी 42चा. सिगरेट नाही, शुगर नाही, आणि वाडीतून रस्त्याला लागणारी जांभ्याची घाटी एका दमात चढतो. गणपतीला आलेला धाकटा म्हणाला, "दादा, हार्ट चेकअपचं पॅकेज करून टाक. टीएमटी पण असते त्यात."

आधी घराण्याचा हिशेब. वडील-भावाला 55च्या आत, आई-बहिणीला 65च्या आत त्रास झाला असेल तर तो इतिहास जड धरतात. पंचाहत्तरीतल्या काकांचा अ‍ॅटॅक तेवढा नाही.

टीएमटी (पट्ट्यावर धावताना काढलेला हृदयाचा ग्राफ) बघते ती धावताना हृदयाला रक्त कमी पडतं का, एवढंच. हृदयाला रक्त पुरवणारी नळी साधारण 70 टक्के बुजल्याशिवाय ग्राफवर फारसं उमटत नाही. अ‍ॅटॅक मात्र पुष्कळदा त्याहून लहान, चरबीचा मऊ थर फुटून त्यावर गुठळी धरल्यानं येतो. शिवाय काही होत नसलेल्या माणसाचा ग्राफ उगाच पॉझिटिव्ह आला, की वरात थेट अँजिओग्राफीपर्यंत. चढताना छाती दाटत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पॅकेज नाही, डॉक्टर गाठायचा. माझं म्हणाल तर घाटी रोज फुकटात बरंचसं तेच सांगते.

कॅल्शियम स्कोअर म्हणजे इंजेक्शनशिवायचा सीटी. श्वास रोखायचा, काही मिनिटांत काम संपतं. नळ्यांच्या भिंतीत साचलेला चुना, म्हणजे कॅल्शियम, मोजतात. शून्य आला तर पुढची काही वर्षं धोका कमी. 100च्या वर गेला तर स्टॅटिनकडे (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) पारडं झुकतं. पण मऊ थर यात दिसत नाही, म्हणून चाळिशीच्या आतल्या शून्यावर फार विसंबू नये. आणि सीटी मशीन आहे तिथे हा स्कोअर निघतोच असं नाही. आधी फोन करा, मग एसटी धरा.

मी रक्तापासून सुरुवात केली. लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), आणि पॅकेजात बहुधा नसणारं लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण). हे वारशानं येतं, खोबऱ्याचं वाटप बंद केलं तरी फारसं उतरत नाही, म्हणून बहुतेकांना जन्मात एकदा मोजलं की पुरतं. डेसिलिटरला 50 मिलिग्रॅमच्या वर धोका वाढतो. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 190 किंवा वर असेल तर स्कोअरची वाट न बघता उपचार आणि मुलांचीही तपासणी.

कुडाळला रक्त दिलं. एलडीएल 138, लायपोप्रोटीन-ए 84. गोळीचा निर्णय अधांतरी, म्हणून आता स्कोअर काढायला जातोय. धाकट्याला फोन करून लायपोप्रोटीन-ए ही एकच तपासणी करायला सांगितली. तो अजून पॅकेजचाच रेट विचारतोय.