मापाचा लेड ॲप्रन मागवला, त्याचा रिव्ह्यू (ऑर्थोच्या मुलींनो वाचाच)

ॲनेस्थेशियावाल्यांनी पण वाचा, सी-आर्म (ऑपरेशन चालू असतानाच वापरायचं एक्स-रे मशीन) चालू झाला की टेबलच्या डोक्याशी तुम्हीच अडकलेल्या असता.

तर एक्स-रे अडवणारा टू-पीस ॲप्रन आहे, वेस्ट (वरचं जाकीट) वेगळं स्कर्ट वेगळा, आणि मुख्य म्हणजे वेस्टला काखेवर येणारे फ्लॅप. आमच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) हँगरवर जे लटकलेत ते सगळे पुरुषांच्या मापाचे, माझ्या खांद्यावरून घसरतात आणि आर्महोल एवढा मोठा की ड्रिल धरायला हात वर केला की काखेजवळची बाजू पूर्ण उघडी. बरं स्कॅटर (पेशंटवर आपटून इकडेतिकडे उडणारे एक्स-रे) काय समोरूनच येतो असं थोडीच आहे. ब्रेस्ट कॅन्सर सगळ्यात जास्त होतो तो वरच्या बाहेरच्या क्वाड्रंटमध्ये, म्हणजे काखेकडच्या भागात, हे एमबीबीएसला सगळ्यांनीच पाठ केलंय, नेमका तोच भाग उघडा. अमेरिकेतल्या महिला ऑर्थोपेडिक सर्जन्सच्या सर्व्हेत ब्रेस्ट कॅन्सरचं प्रमाण बाकी बायकांपेक्षा जास्त निघालं होतं. सर्व्हे लहान होता, रेडिएशनमुळेच झालं असं त्यावरून म्हणता येत नाही, मान्य. पण म्हणून काख उघडी ठेवायची का? आणि टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा) ॲप्रनच्या आत छातीवर, त्याचा रिपोर्ट कायम मस्त येतो, बाजूने काय आत गेलं ते त्याला काय कळणार.

आता वस्तूबद्दल. पुढे दोन्ही पल्ले एकावर एक येतात, ०.२५ अधिक ०.२५ म्हणजे ०.५ एमएम शिशाइतकं संरक्षण, पाठीला ०.२५. स्कर्टचा पट्टा कमरेवर घट्ट बसतो त्यामुळे अर्धं वजन खांद्यावरून उतरतं, फीमर नेलिंगमध्ये डिस्टल लॉकिंगला (मांडीच्या हाडात रॉड घालून त्याच्या खालच्या टोकाला स्क्रू बसवताना) एक्स-रेचे शॉटवर शॉट चालू असतात तेव्हा हा फरक जाणवतो, मान भरून येत नाही. फ्लॅप पहिले काही दिवस कडक वाटतात, हात पूर्ण वर जात नाही, नंतर सैलावतात. गरम होतं, पण तो हँगरवालाही होतोच. लेडीज मॉडेल म्हणून न विचारता गुलाबी फुलांचं कापड पाठवलं, परत करून निळं मागवलं 🙄. फ्लॅपचे पैसे वेगळे लावतात, एक स्टार त्याचाच कापलाय.

पैसे मीच भरले. हॉस्पिटलच्या स्टोअरला आधी विचारलं होतं तर उत्तर आलं एकीसाठी कुठे वेगळा मागवायचा. अहो एकीसाठी कसला, आता युनिटमध्ये आम्ही चौघी आहोत, शिवाय बारीक चणीची पोरं पण त्याच तंबूत फिरतात. ग्लोव्ह्जचंही तेच, सातच्या खालचा साइज मागितला की सिस्टर कपाट धुंडाळत बसतात.

आणि जॉइन झाल्या झाल्या सरांनी विचारलेलं की प्रेग्नंट झालीस तर सी-आर्मच्या केस कोण करणार. एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) नियम असा आहे की प्रेग्नन्सी कळवल्यावर उरलेल्या महिन्यांत गर्भाला १ मिलिसिव्हर्टच्या वर डोस जाता कामा नये, म्हणजे ड्युटी त्या हिशोबाने लावायची जबाबदारी हॉस्पिटलची. ऑर्थोची ब्रांचच घेऊ नका असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

मागवताना माप स्क्रबवरून द्या, हात वर करून काखेचं पण द्या. आल्यावर सी-आर्मखाली धरून भेगा बघा, घडी अजिबात घालायची नाही, टांगूनच ठेवा. आणि नाव शिवून घ्या, माझा हलका आहे कळल्यापासून लेक्चरर सर तोच घालून जातात.