धन की देव : दादरमधील एका बायबल-वर्गाविषयी

दादर परिसरातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा), देवावरील भरवसा आणि धन या विषयावरचा सायंकाळचा अभ्यासवर्ग निःशुल्क असला, तरी त्याची तयारी कसून केलेली आहे. सर्वाधिक वेळ लूकच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दृष्टांतातील श्रीमंत शेतकऱ्याला दिला गेला. भरघोस पीक आल्यावर तो जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवतो आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. त्याची चूक पीक घेण्यात नव्हती, तर पुढील अनेक वर्षांची हमी त्याने कोठारांकडून घेतली यात होती, हे शिक्षकांनी फार नेमकेपणाने उलगडले. आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 6व्या अध्यायात प्रेषित पौल श्रीमंतांना, चंचल धनावर आशा न ठेवता उदार व्हा, असे बजावतो, हा दुवाही योग्य ठिकाणी जोडला गेला. जवळचे सारे दान करणाऱ्या गरीब विधवेच्या दोन नाण्यांचा उल्लेख मात्र ओझरताच झाला.

विमा आणि बचत हा अविश्वास ठरतो का, असे गृहकर्जाचे हप्ते फेडणाऱ्या एका श्रोत्याने विचारले, तेव्हा उत्तर त्रोटक मिळाले. मुंबईत खरा प्रश्न हाच असल्याने ही उणीव मला मोठी वाटते. विश्वास ठेवल्यास भरभराट होईल, असे आमिष कुठेही दाखवले गेले नाही, हे विशेष. टिपणांची छपाई बारीक आहे. ज्येष्ठांनी चष्मा सोबत न्यावा.