सर्व्हर रूमसाठी डिझेल, गॅस की लिथियम? घेण्याआधी हा हिशोब करा

माझा मावसभाऊ उदगीरला इंटरनेट पुरवतो. घरोघरी फायबर टाकता टाकता ग्राहक वाढले आणि आता चार रॅकची (सर्व्हर ठेवायच्या चार कपाटांची) सर्व्हर रूम उभी राहते आहे. लाईट गेली तरी ती चालू राहावी म्हणून जनरेटर घ्यायचा की लिथियम बॅटरी, हा त्याचा प्रश्न. परवा त्याचा फोन आला, "दादा, जनरेटरवाला म्हणतो लिथियम घेऊ नका, लिथियमवाला म्हणतो जनरेटरचे दिवस गेले. कुणाचं ऐकू?" लातूर, नांदेड, परभणीकडे हाच प्रश्न अनेकांपुढे आहे, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी लोड मोजा. सर्व्हर, स्विच, राउटर मिळून 20 किलोवॉट धरू. एसीची वीज आणि यूपीएसमध्ये वाया जाणारी वीज मिळवली की आकडा 30 वर जातो. बॅटरीचं कोटेशन बहुतेक वेळा 20 वरच येतं, एसी त्यात नसतो. पण 20 किलोवॉटचे सर्व्हर म्हणजे बंद खोलीत 2 किलोवॉटचे दहा गिझर सुरू ठेवण्यासारखं आहे. मे महिन्यात बाहेर 42 अंश असताना एसी थांबला, की थोड्याच वेळात सर्व्हर उष्णतेने आपोआप बंद होतात. बॅटरी भरलेली असली तरी.

डिझेल जनरेटर एका लिटरमध्ये साधारण 3 ते 3.5 युनिट देतो. म्हणजे 30 किलोवॉटला तासाला 9-10 लिटर, 12 तासांना सुमारे 120 लिटर. युनिट महाग पडतं, 25 ते 30 रुपयांच्या घरात. पण वादळात खांब आडवे झाले आणि लाईन दुसऱ्या दिवशी आली, तर डिझेल ओतत राहता येतं. याला तोड नाही. डेटा सेंटरना दर्जा ठरवून देणारी अपटाइम इन्स्टिट्यूटसुद्धा जागेवर 12 तासांचं इंधन मागते. एका जागी 2500 लिटरपर्यंत डिझेल, एकेक टाकी 1000 लिटरच्या आत असेल तर, परवान्याशिवाय ठेवता येतं. मात्र महिनोन्‌महिने पडून राहिलं तर तळाला पाणी आणि गाळ धरतो.

"पुढे लागेलच" म्हणून 125 केव्हीएचा, म्हणजे 100 किलोवॉटचा, जनरेटर घेऊ नका. क्षमतेच्या 30 टक्क्यांहून कमी लोडवर इंजिन कायम चालवलं, की न जळलेलं इंधन धुराड्यात साचतं. वरच्या हिशोबाला 62.5 केव्हीए, म्हणजे 50 किलोवॉट, नीट बसतो. एसी सुरू होतानाचा झटकाही सोसतो. नवा घेताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 1 जुलै 2023 पासूनच्या सीपीसीबी-4+ निकषांचा आहे ना, ते पाहा.

परभणीत मी एका सर्व्हर रूमचं काम बघायचो. दर सोमवारी जनरेटर पाच मिनिटं चालवून वहीत सही करायचो, पण लोड कधी दिला नाही. पहिल्या वळवाच्या पावसात लाईट गेली, इंजिन सुरू झालं, पण लोड जनरेटरवर वळवणारा चेंजओव्हर स्विच अडकला. पंधरा मिनिटांत यूपीएस संपला आणि सगळं बंद. त्या वहीतल्या माझ्या सह्या अजून सलतात.

गॅस जनरेटरला धूर कमी, डिझेल साठवायची कटकट नाही. पण एकदम मोठा लोड तो डिझेलसारखा उचलत नाही, आणि पाइपलाइन गेटपर्यंत आलेली हवी. उदगीरच्या भावाला मी याचा विचारच करू नको म्हणालो.

लिथियम, त्यातही एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, मला मनापासून आवडतं. जनरेटरला लोड घ्यायला दहा-पंधरा सेकंद लागतात, बॅटरीला काहीच नाही. दिवसातून पाच वेळा दहा-दहा मिनिटं ट्रिप होणाऱ्या फीडरवर याहून चांगला सोबती नाही. लेड-ॲसिड बॅटरी 25 अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना निम्मं आयुष्य गमावते. आपल्या उन्हाळ्यात ती घेणं म्हणजे पैसा वाया. पण एसीसकट चार तास म्हणजे 120 युनिट, वर थोडं राखीव. तेवढी बॅटरी महागात जाते. शिवाय लाईन आल्यावर ती भरायला महावितरणचा मंजूर भार पुरतो का, हे कुणी विचारत नाही. भरायच्या आधीच लाईट पुन्हा गेली, तर हाती काही राहत नाही.

छतावर सोलर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतःही बंद होतो.

भावाला सांगितलं: 62.5 केव्हीएचा डिझेल आणि एसीसकट अर्धा तास पुरेल असं 20 युनिटचं लिथियम. लाईट थोड्या वेळासाठी गेली तर इंजिन सुरूच करायचं नाही. तुमचा लोड 4-5 किलोवॉटच असेल आणि शहरात लाईट तास-दोन तासांत येत असेल, तर नुसतं लिथियम पुरे. भाड्याच्या जनरेटरवर मात्र विसंबू नका. एप्रिल-मेमध्ये वादळं येतात, तेव्हाच ते लग्नाच्या मांडवात गेलेले असतात.

ऑर्डरमध्ये एक अट लिहून घ्या: तुमच्या जागेवर, भर दुपारी, मेन स्विच पाडून पूर्ण लोडवर एक तास चालवून दाखवायचं. शेवटचा हप्ता त्यानंतर.